टायटॅनिकवर तिसऱ्या वर्गातल्या प्रवाशांना जेवायला काय मिळायचं?

उपाशी ठेवत नसत, उलट चांगलं मिळायचं. 14 एप्रिल 1912 चं, म्हणजे हिमनगाला धडकण्याच्या दिवशीचं मेनूकार्ड उपलब्ध आहे. सकाळी ओटची लापशी, धुरावलेला हेरिंग मासा, सालासकट भाजलेले बटाटे, हॅम-अंडी, ताजा पाव-लोणी, मुरंबा. मुख्य जेवण दुपारी: तांदळाचं सूप, भाजलेलं बीफ, मका, उकडलेले बटाटे, प्लम पुडिंग, फळं. संध्याकाळी चहासोबत थंड मांस, चीज, लोणचं, भात आणि शिजवलेले अंजीर. रात्री मात्र नुसती पातळ पेज, बिस्किटं आणि चीज.

आधीच्या शिडाच्या जहाजांवर गरीब प्रवाशांना बऱ्याचदा शिधा स्वतःच बांधून न्यावा लागे, त्या मानाने ही चैनच! या कार्डाची मागची बाजू पोस्टकार्डासारखी होती, म्हणजे घरी पत्र धाडायची सोय आणि कंपनीची फुकट जाहिरात.

पहिल्या वर्गात त्याच रात्री ऑयस्टरपासून पीचच्या जेलीपर्यंत दहा-अकरा फेऱ्यांचं जेवण होतं. मला गंमत वाटते ती दुसऱ्या वर्गाची: त्यांच्या त्या रात्रीच्या यादीत चक्क चिकन करी आणि भात आहे. ब्रिटिशांना करीची चटक तेव्हाच लागलेली होती.