'आर-एनचे निकाल उचलून ग्रुपवर ठेवतात' हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी झालंय, वाशीला राहता, नॉनकम्युटेटिव्ह हार्मोनिक अ‍ॅनालिसिसमधल्या डिस्पर्सिव्ह पीडीईंच्या (श्रोडिंगरसारखी, लाट पसरवत नेणारी समीकरणं) रेग्युलॅरिटीवर (सोल्यूशन किती गुळगुळीत राहतं) पीएचडी करावीशी वाटते. पण तुमचे सर म्हणतात, "त्यात नवीन काही नसतं, युक्लिडियन (आर-एनवरचे) निकाल उचलायचे आणि ग्रुपवर ठेवायचे." हे खरं आहे का, आणि मुंबईच्या आसपास गाईड मिळेल का?

खरं नाही. साफ चूक आहे. गाईडचं शेवटी बोलू. ते वाक्य मात्र मी स्वतः समोर बसून ऐकलेलं आहे, जवळजवळ शब्दशः, त्यामुळे आधी त्याचा हिशेब.

माझी थीसिस नुकतीच सबमिट झाली होती आणि नवी मुंबईतल्या एका कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरच्या जागेची मुलाखत होती. पॅनेलवर प्राचार्य, संस्थेचे दोघे आणि बाहेरून आलेले सब्जेक्ट एक्सपर्ट. एक्सपर्ट सरांनी थीसिसचं शीर्षक वाचलं, अ‍ॅबस्ट्रॅक्टवर नजर फिरवली आणि म्हणाले, "म्हणजे आर-एनच्या जागी हायझेनबर्ग ग्रुप लिहिलाय. प्रूफ तेच ना?" (आर-एन म्हणजे नेहमीची एन-मितीय युक्लिडियन जागा; हायझेनबर्ग ग्रुप म्हणजे जिथे गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं असा ग्रुप.) बाकीचे हसले. गणित न कळणाऱ्या माणसांसमोर असं वाक्य टाकलं की पुढच्या दहा मिनिटांत उमेदवार काहीही बोलला तरी कुणाच्या कानात शिरत नाही.

खोलीत फळा नव्हता. मी फाइलमधून मार्कशीटची झेरॉक्स काढली, उलटी केली आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहायला लागले. ट्रू कॉपीच्या शिक्क्याची जांभळी शाई मागून फुटलेली होती, तिला वळसा घालून. लिहिलं ते एवढंच:

बिंदू झेड आणि एस; झेड म्हणजे एक्स-वायच्या एन जोड्या, एस सेंटरचा, म्हणजे सगळ्यांशी कम्युट होणाऱ्या दिशेचा. फील्ड दोन प्रकारची: डेल-एक्स अधिक दोन वाय डेल-एस, आणि डेल-वाय उणे दोन एक्स डेल-एस. सब-लाप्लासियन म्हणजे त्यांच्या वर्गांची बेरीज. आता लॅम्डा धन घ्या आणि फंक्शन घ्या ई-रेज्ड-टु आय-लॅम्डा-एस गुणिले ई-रेज्ड-टु उणे लॅम्डा मॉड-झेड-स्क्वेअर. सब-लाप्लासियन लावा. लॅम्डा-वर्गाच्या सगळ्या टर्म एकमेकींना कापून जातात आणि उरतं उणे चार-एन-लॅम्डा गुणिले तेच फंक्शन. दोन ओळींचं काम आहे, करून बघा.

चार-एन-लॅम्डा. लॅम्डा-वर्ग नाही! आर-एनवर श्रोडिंगरमध्ये फ्रिक्वेन्सीचा वर्ग येतो, म्हणून प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा वेग वेगळा आणि म्हणूनच पॅकेट पसरतं. इथे या फंक्शनांवर लॅम्डा एकघाती आहे, सगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेगाने जातात. लॅम्डावर वजन ठेवून इंटिग्रल घ्या, छान श्वार्ट्झ (गुळगुळीत आणि दूरवर झपाट्याने शून्याकडे जाणारा) डेटा मिळतो, आणि श्रोडिंगरचं सोल्यूशन काय येतं? तोच डेटा, एस-च्या दिशेने चार-एन गुणिले टी इतका सरकलेला. पसरत नाही, विरत नाही, सगळे एल-पी नॉर्म कायमचे तेच. डिस्पर्सिव्ह एस्टिमेटचा (वेळेबरोबर सोल्यूशनची उंची किती घटते याच्या अंदाजाचा) प्रश्नच मिटला. हे माझं नाही, बाहूरी, जेरार आणि शू यांनी २००० साली छापलेलं आहे. 'प्रूफ तेच' असेल तर ते नेमकं कुठलं, हा माझा सरांना प्रश्न होता.

सर कागदाकडे पाहत म्हणाले, "पण मॅडम, हा स्पेशल केस झाला."

मी म्हटलं, "सर, काउंटरएक्झाम्पल स्पेशल केसच असतो."

मग त्यांनी विचारलं, एफवायला कॅल्क्युलस शिकवाल का. निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली. मी पुढे ठाण्यात लागले आणि अजून तिथेच आहे. नोकरीचं दुःख केव्हाच संपलं, त्या वाक्याचं नाही.

काही वर्षांनी ठाणे स्टेशनात ट्रान्स-हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर तेच सर भेटले. त्यांनी मला ओळखलं, कागदही आठवत होता. गाडीत शेजारी बसले आणि ऐरोली यायच्या आत म्हणाले, "तुमचं उदाहरण बरोबर होतं. पण एस्टिमेट चालत नाही म्हटल्यावर पुढे करायचं काय? नाही म्हणणं म्हणजे थिअरी नव्हे." हा प्रश्न पहिल्यापेक्षा खूप चांगला होता आणि मी तुर्भ्यापर्यंत त्याचंच उत्तर देत होते. तुम्हाला तेच देते, कारण तुमच्या रेग्युलॅरिटीचा मुद्दा यातच आहे.

आर-एनवर श्रोडिंगरचं सोल्यूशन जागच्या जागी अर्धा डेरिव्हेटिव्ह कमावतं. कॉन्स्टंटिन आणि सो, शोलिन, वेगा, सगळं १९८७-८८ च्या सुमारास. केडीव्ही या उथळ पाण्यातल्या लाटांच्या समीकरणासाठी काटो यांनी १९८३ मध्ये पूर्ण एक डेरिव्हेटिव्ह मिळवला. कारण तेच: जितकी फ्रिक्वेन्सी मोठी तितकी ती कॉम्पॅक्ट भागातून लवकर बाहेर पडते. वरच्या हायझेनबर्गच्या सोल्यूशनांत मोठी फ्रिक्वेन्सी लवकर निघतच नाही, सगळ्या बरोबर निघतात. म्हणून डेटा जितका खडबडीत आला तितकाच पुढे जातो, कमाई शून्य. आणि याचा फटका नॉनलिनिअर प्रश्नाला थेट बसतो. सर्वांत लहान हायझेनबर्ग ग्रुप घ्या: तीन मिती, पण होमोजिनिअस मिती (एस-ची दिशा दोनदा मोजून) चार. क्यूबिक एनएलएससाठी (नॉनलिनिअर श्रोडिंगरसाठी) सोबोलेव्ह एम्बेडिंगने जायचं तर दोनपेक्षा जास्त डेरिव्हेटिव्ह लागतात, आणि एनर्जी सांभाळते फक्त एक. आर-एनवर ही दरी स्ट्रिकार्ट्झने, म्हणजे डिस्पर्सिव्ह एस्टिमेटमधून निघणाऱ्या जागा-वेळ दोन्हींवरच्या एस्टिमेटने, भरून काढतात. इथे काय वापरणार? तुमच्या सरांना हे विचारा.

याच अडचणीतून जेरार आणि ग्रेलिए यांनी २०१० मध्ये सर्कलवरचं क्यूबिक सेगो समीकरण पुढे आणलं. त्यात डिस्पर्शन अजिबात नाही, तरी लॅक्स पेअर (समीकरणाला इंटिग्रेबल ठरवणारी ऑपरेटरांची जोडी) सापडतो आणि एच-अर्धमध्ये, म्हणजे अर्ध्या डेरिव्हेटिव्हच्या सोबोलेव्ह स्पेसमध्ये, ग्लोबल वेल-पोझ्डनेस (सोल्यूशन कायम टिकतं आणि एकच असतं) मिळतो. डिस्पर्शन नाही म्हटल्यावर गणित थांबलं नाही, नवीन गणित उभं राहिलं. "नाही म्हणणं म्हणजे थिअरी नव्हे" याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

वेव्ह समीकरणाचं बघा. हायझेनबर्गवर डीके, म्हणजे सोल्यूशन विरण्याचा दर, टी-चा उणे एक-द्वितीयांश घात, मग एन कितीही मोठा असो. आर-डीवर मिती वाढली की डीके वाढतो, इथे ढिम्म हलत नाही, कारण तो सेंटरच्या मितीवर ठरतो आणि सेंटर एकाच मितीचं. एच-टाइप ग्रुपवर (हायझेनबर्गसारखेच, पण सेंटर मोठं असू शकतं) सेंटरची मिती पी असेल तर वेव्हसाठी पी-अर्धा आणि श्रोडिंगरसाठी पी-उणे-एकचा अर्धा, हे डेल हिएरो यांनी २००५ मध्ये केलं. पी एक ठेवा, श्रोडिंगरचा घात शून्य होतो आणि माझ्या झेरॉक्सवरचं उदाहरण परत समोर येतं. रिस्ट्रिक्शनची (फूरिए ट्रान्सफॉर्म एखाद्या पृष्ठभागापुरता घेण्याची) गोष्टही तीच: म्युलर यांच्या १९९० च्या निकालात सेंटरच्या दिशेला एल-वनशिवाय काही चालत नाही. बाहूरी, बारिलारी आणि गॅलाघर यांनी २०२१ मध्ये ही मर्यादा मान्य करूनच, झेड, एस आणि टी यांना वेगवेगळे नॉर्म देऊन, रेडियल डेटासाठी स्ट्रिकार्ट्झ परत मिळवलं. यातलं एकही उचलून ठेवलेलं नाही.

आणि नेहमी नुकसानच होतं असंही नाही. हायपरबोलिक स्पेसवर उलट घडतं. आंकर आणि पिएरफेलीचे, २००९: मोठ्या टी-साठी डीके दीडच्या घाताने, मिती कुठलीही असो. हा दीड येतो कुठून? हरिश-चंद्र यांच्या सी-फंक्शनचा (फ्रिक्वेन्सींवरचं वजन ज्यातून येतं त्याचा) व्यस्त वर्ग शून्याजवळ लॅम्डा-वर्गासारखा जातो, तिथून. मोठ्या मितीत हा दर युक्लिडियनपेक्षा कमी दिसतो, तरी स्ट्रिकार्ट्झला चालणाऱ्या जोड्या युक्लिडियनपेक्षा जास्त मिळतात, कारण कुन्झे-स्टाइन, म्हणजे अशा ग्रुपवर कॉन्व्होल्यूशनसाठी मिळणारी जास्तीची इनइक्वॅलिटी. आर-एनसारख्या आबेलियन ग्रुपवर कुन्झे-स्टाइन नावाची वस्तूच नाही! हे मी सरांना कोपरखैरण्याच्या आसपास सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले. उतरताना म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे, पण एक्झॉटिक." असू दे एक्झॉटिक. क्वांटम मेकॅनिक्सचे कम्युटेशन रिलेशन ज्या ग्रुपवर लिहिलेले आहेत तो एक्झॉटिक असेल, तर मला साधं काय ते सांगा.

आता तुमच्यासाठी. शीर्षक पाहून विषय घेऊ नका, घात पाहून घ्या. गाईड जो प्रॉब्लेम देतील त्यात विचारा: उत्तरातला आकडा युक्लिडियन आकड्यापेक्षा वेगळा येणार आहे का, आणि येणार असेल तर सेंटरमुळे, सी-फंक्शनमुळे की आणखी कशामुळे? गाईडना हे सांगता आलं तर डोळे मिटून जा. नाही सांगता आलं तर थांबा. तयारीसाठी हर्माइट आणि लागेर फंक्शनं हाताने करता आली पाहिजेत, स्टोन-फॉन नॉयमन प्रमेय पाठ नव्हे, समजलेलं हवं, आणि स्टेशनरी फेज अशी यावी की कागद लागू नये. या तिन्हींवाचून पेपर वाचायला बसलात तर तुम्हीही सहा महिन्यांत "सगळं उचललेलंच आहे" म्हणायला लागाल.

गाईडचं: पवईला आयआयटी आहे, कुलाब्याला टीआयएफआर आहे, पण टीआयएफआरचं पीडीईचं मोठं केंद्र बेंगळुरूला आहे आणि हायझेनबर्गवर आयुष्य घालवलेल्या थंगवेलूंनी तिथल्याच आयआयएससीत अनेक वर्षं काम केलं. घरून डबा घेऊन जाता येईल अशा अंतरावर गाईड शोधू नका, एवढंच सांगते. कुणाकडे सध्या जागा आहे ते त्या त्या विभागाला मेल करून विचारा.

दोन गोष्टी राहिल्या. एक, तुमच्या सरांचं वाक्य काही पेपरांना लागू पडतं हे मी नाकारत नाही. ग्रुप बदलायचा, सोबोलेव्ह स्पेसचं नाव बदलायचं, लहान डेटा घ्यायचा आणि कॉन्ट्रॅक्शन मॅपिंग लावायचं, असे पेपर निघतात आणि छापलेही जातात. त्यावरून अख्खा विषय मोजणं अन्यायाचं आहे, पण तुमच्या हातून तसा पेपर निघणार नाही याची काळजी तुम्हीच घ्यायची आहे.

दुसरी, हायझेनबर्गबद्दल वरचं सगळं सब-लाप्लासियनसाठी आहे. फुल लाप्लासियन घेतला, म्हणजे डेल-एस-वर्गही मिळवला, तर त्याच फंक्शनवर चार-एन-लॅम्डा अधिक लॅम्डा-वर्ग येतो. आता लॅम्डाच्या दृष्टीने दुसरं डेरिव्हेटिव्ह शून्य नाही, वेग वेगवेगळे झाले आणि एस-च्या दिशेने पसरणं परत आलं. गाईडना भेटायच्या आधी हे दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडून न्या, आणि अर्धा डेरिव्हेटिव्ह दुसऱ्यात परत मिळतो का ते त्यांच्यासमोर करून दाखवा.