रस्त्यावर रेडिओ सिग्नलची ताकद मोजायला निघण्याआधी

राजवाड्यासमोर एका जागी उभं राहून घेतलेला आकडा वहीत उतरवू नकोस. 2.4 गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी साधारण 12.5 सेंटीमीटर. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, म्हणून अँटेना पाच-सहा सेंटीमीटर सरकला तरी वाचन 20 डेसिबलने, म्हणजे शंभराव्या भागापर्यंत कोसळू शकतं. मोबाइल रेडिओचे अभियंते विल्यम ली यांचा नियम धर: 40 तरंगलांब्या, म्हणजे 5 मीटर चालत किमान 36 नमुने घे, मग सरासरी काढ. तीही मिलिवॉटमध्ये, डीबीएममध्ये (1 मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मांडलेला आकडा) नव्हे. माझी महिनाभराची मोजमापं याच चुकीपायी वाया गेली. अँटेनाच्या केबलमधली सिग्नलची घट आधी मोजून ठेव. रामबागेतल्या झाडांखाली उन्हाळ्यात एकदा नि पावसाळ्यात पुन्हा जा, ओली पानं सिग्नल जास्त शोषतात. आणि अँटेना अंगापासून लांब धर.