लस सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी सांगूनही शिकलेली माणसं ती का नाकारतात? यात नीतिमूल्यांचा काही संबंध असतो का?

असतो, आणि बराच असतो. फक्त मूल्यं म्हटली की आपण दया-माया, दुसऱ्याला इजा न करणं एवढ्यावरच थांबतो, आणि लशीच्या बाबतीत घोडं अडतं ते भलतीकडेच.

अमेरिकेत पालकांवर झालेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची काळजी आणि न्यायबुद्धी या बाबतीत लशीला कचरणारे आणि न कचरणारे पालक यांच्यात म्हणावा असा फरक सापडला नाही. फरक होता तो पावित्र्य आणि स्वातंत्र्य या दोन मूल्यांत. सगळ्यात साशंक पालकांमध्ये या दोन्हींना फार महत्त्व देण्याची शक्यता न कचरणाऱ्यांच्या साधारण दुप्पट होती. आपल्या पोस्टरवर मात्र कायम 'बाळाची काळजी घ्या'. अहो, काळजी आहे म्हणूनच तर तो पालक नाही म्हणतोय!

मी शाळेत शिकवते. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लशीची मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्याकडेही वर्गावर्गातून मुलांच्या रांगा लागल्या. उजव्या दंडात सुई, डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करची खूण. एका मुलाचे वडील, चांगले शिकलेले, शांतपणे म्हणाले, "मॅडम, साइड इफेक्टचं मी विचारतच नाहीये. शरीर स्वतःला सांभाळतं. त्यात बाहेरचं काही घालणं मला पटत नाही." दुसऱ्या मुलाची आई चिडलेली होती: "आम्हाला विचारलंत का? थेट तारीख कळवून मोकळे!" दोघांच्याही हातात आम्ही एकच पत्रक ठेवलं. आईचा प्रश्न नर्सताईंनी सोडवला. "तुम्ही या, शेजारी बसा, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच टोचू," म्हणाल्या. ती आली. वडील शेवटपर्यंत बधले नाहीत.

पावित्र्याचा मुद्दा अडाणीपणाचा वाटत असेल, तर महात्मा गांधींचाही देवीच्या लशीला विरोध होता हे लक्षात घ्या. ती त्यांना घाणेरडी आणि धर्माला सोडून वाटे. अलीकडचं उदाहरण इंडोनेशियाचं. तिथे 2018 मध्ये गोवर-रुबेलाची जी लस वापरत होते, ती आपल्या पुण्यातल्या सीरमची. तिच्या निर्मितीत डुकरापासून मिळवलेला घटक वापरतात, म्हणून तिथल्या उलेमा परिषदेने ती निषिद्ध ठरवली. पण दुसरा पर्याय हाताशी नाही, तेव्हा गरज म्हणून घेतली तर चालेल, असंही त्याच फतव्यात सांगितलं. बऱ्याच लोकांच्या मनात पहिलं वाक्य राहिलं. आदल्या वर्षी जावा बेटावर मोहीम उत्तम झाली होती. इतर बेटांवर ती रखडली, आचे प्रांतात तर फारच.

स्वातंत्र्याचं दुखणं आपण कोविडमध्ये पाहिलं. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही, असा आदेश निघाला. पुढे 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणात निर्बंध घालू शकतं, ते वेगळं. मला विचाराल तर रेशन अडवणं हा शुद्ध उद्धटपणा होता. जो मुळात "माझ्यावर जबरदस्ती नको" म्हणतोय, त्याच्या हातात आपणच कोलीत दिलं.

म्हणून कोणी नाही म्हणालं, तर आकडे काढण्याआधी "नेमकं काय खटकतंय?" एवढं विचारा. उत्तरात "अशुद्ध", "केमिकल", "नैसर्गिक" हे शब्द आले तर एक वाट, "आमचं आम्ही बघू" आलं तर दुसरी. पहिल्याला, लस शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीला तयार करते, हे सांगून पाहा; पटेलच असं नाही. दुसऱ्याला निर्णय त्याचाच राहील असं वागवा.

आणि लस चुकलेल्या प्रत्येकाला या चौकटीत कोंबू नका. रोजंदारी बुडवून बाळाला केंद्रावर न्यायचं, त्याला रात्री ताप आला की दुसऱ्या दिवशीचीही मजुरी गेली, अशी घरं आमच्या शाळेत कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी संध्याकाळी उशिरापर्यंत केंद्र उघडं ठेवलं तरी निम्मं काम होईल, असं आमच्या नर्सताई म्हणतात.