वाचक विचारतात: मुलाचं नाव सोपान ठेवलं तर?

प्रश्न: नमस्कार, आम्ही विक्रोळीला राहतो, मला नुकताच मुलगा झालाय. माझे सासरे सासवडजवळच्या गावचे, दरवर्षी वारीला जातात, त्यांनी हॉस्पिटलमध्ये बाळाला बघितल्या बघितल्या सोपान म्हणून हाक मारली आणि खरं सांगते मला ते नाव लगेच आवडलं. पण माझ्या आईला आणि बहिणीला अजिबात पसंत नाहीये, बहीण म्हणते गावाकडचं नाव आहे, आता कोण ठेवतं असली नावं, इंग्लिश मिडियमला घातल्यावर पोरं 'सोप सोप' करून चिडवतील. नवरा म्हणतो तू ठरव. मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी एक अर्थ, दुसरीकडे दुसराच. त्यात पत्रिकेत अक्षर 'र' आलंय. तर या नावाचा खरा अर्थ काय, आलं कुठून आणि हल्ली कोणी ठेवतं का? बारसं करायचंय, लवकर सांगा.
एक नवी आई, विक्रोळी

उत्तर: ताई, आधी बाळाला भरपूर आशीर्वाद. आणि तुम्हाला नाव आवडलंय तर माझं मत पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, ठेवा. आता का ते सांगतो.

अर्थ अगदी सरळ आहे, सोपान म्हणजे जिना, पायऱ्या. संस्कृत शब्द आहे, त्यात काही वाद नाही, त्यामुळे 'शांत', 'सुखी', 'भाग्यवान' असलं काही कुठे वाचलं असेल तर सोडून द्या. पण नुसती 'जिना' म्हणून कोणी पोराचं नाव ठेवत नाही ना, हे नाव एकटं आलेलंच नाही, ते चार नावांमधलं तिसरं आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आळंदीच्या विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंची ही चार मुलं, कुळ मूळचं गोदाकाठच्या आपेगावचं, पैठणजवळ. एका परंपरेप्रमाणे ज्ञानदेवांचा जन्म शके 1197, म्हणजे इ. स. 1275, आणि सोपानदेव त्यांच्याहून दोन वर्षांनी धाकटे, म्हणजे 1277. आता ही चार नावं ओळीने म्हणून बघा. संसारातून मन काढलं, मग ज्ञान आलं, मग चढायला पायऱ्या मिळाल्या आणि शेवटी मुक्ती. वारकरी मंडळी कीर्तनात हा क्रम फार सुंदर उलगडून सांगतात.

मला यात अजून एक गोष्ट नेहमी हलवून जाते. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यास घेऊन बसले होते आणि गुरूंच्या आज्ञेने परत संसारात आले, त्यासाठी गावाने त्यांना वाळीत टाकलं, संन्याशाची पोरं म्हणून या लेकरांनी काय काय सोसलं ते आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. असा माणूस, ज्याला लोक रोज नावं ठेवतायत, तो आपल्या पोरांची नावं अशी ठेवतो. नावाला वजन असतं म्हणतात ते मला इथे दिसतं.

सोपानदेवांबद्दल मात्र शहरात फारसं कोणी बोलत नाही, मोठा भाऊ ज्ञानेश्वर म्हटल्यावर बाकीच्यांवर सावली पडतेच. पण तुमच्या सासऱ्यांना विचारा, ते त्यांना सोपानदेव म्हणणारच नाहीत, सोपानकाका म्हणतील. ज्ञानोबा ती माऊली आणि हे काका, आपल्या लोकांनी संतांशी असं घरातलं नातं जोडलंय. ज्ञानदेवांनी शके 1218 ला आळंदीत समाधी घेतली, कार्तिक वद्य त्रयोदशीला, आणि महिन्याने मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सोपानकाकांनी सासवडला कऱ्हेच्या काठी. विशीही पुरती झाली नव्हती हो. त्या समाधीचं मंदिर आजही सासवडात आहे आणि माऊलींची पालखी दिवे घाट चढून आली की तिथे दोन रात्री थांबते, त्याच मुक्कामात सोपानकाकांची पालखी वेगळी निघते. पुढे पंढरपूर जवळ आलं की भंडीशेगावच्या अलीकडे टप्पा म्हणून जागा आहे, तिथे या दोन पालख्या भेटतात, त्याला बंधुभेट म्हणतात. सातशे वर्षांपूर्वीचे दोन भाऊ दरवर्षी लाखो लोकांसमोर भेटतात आणि म्हातारी माणसं डोळे पुसतात. तुमच्या सासऱ्यांनी नातवाला पहिली हाक कुठून मारली ते आता तुम्हाला कळेल.

आता 'गावाकडचं नाव' या मुद्द्याकडे. आपल्याकडे इंग्लंड अमेरिकेसारखी सरकारने काढलेली बाळांच्या नावांची वार्षिक यादी नसते, त्यामुळे सोपान कितव्या नंबरवर आहे असं सांगता येत नाही, जे दिसतं ते सांगतो. पुणे, नगर, बीड, सोलापूर, नाशिक, खानदेश इकडे पन्नाशी साठीच्या पुढचे सोपान आजही भरपूर भेटतात. मुंबईतही होते, गिरण्यांच्या दिवसात लालबाग परळच्या खोल्यांमधून ज्ञानोबा, तुकाराम, पांडुरंग, सोपान अशीच माणसं राहायची, भजनी मंडळं चालवायची. मग त्यांच्या पोरांना सचिन, नितीन, नीलेश ही नावं आली आणि नातवंडांना आरव, विहान. आज मुंबईत नर्सरीच्या एखाद्या वर्गात दोन आरव निघाले तर कुणाला नवल वाटणार नाही, सोपान बहुतेक एकटाच असेल. यात वाईट काय आहे? आणि बघा ना, मुक्ता हे नाव शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांनी कधीच आपलंसं केलं, मल्हार तर आता सगळीकडे ऐकू येतं, तेही एकेकाळी गावाकडचंच म्हणत होते. एकाच घरातली बहीण मॉडर्न आणि भाऊ गावंढळ, हे मला पटत नाही.

अजून एक सोपान तुमच्या बहिणीला नक्की माहीत असणार, शाळेच्या पुस्तकातून. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, लिहिता वाचता न येणारी शेतकरीण, तिच्या मुलाचं नाव सोपान, तेच पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून ओळखले गेले. आई शेतात, जात्यावर जे गायची ते लिहून ठेवायचं काम घरातल्या या पोरांनी केलं. 1951 ला बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 ला ती छापून आली. अत्रे कुठले, तर सासवडजवळच्या कोडीतचे, म्हणजे सोपानकाकांच्या शेजारचे. हे तुमच्या प्रश्नात थेट बसत नाही पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

चिडवण्याचं म्हणाल तर पोरं चिडवतील, लपवत नाही. 'सोप' म्हणतील, मराठी पोरं 'सोपा पेपर' म्हणतील. पण पोरं कुठल्याही नावाचं काहीतरी करतातच, ते दोन चार वर्षं चालतं. त्यावर एकच उपाय मला माहीत आहे, घरातल्यांनी ते नाव अभिमानाने, पूर्ण, मोठ्याने घ्यायचं. स्वतःच लाजून 'सोपू', 'सोनू' करून टाकलं की पोराला वाटतं नावात काहीतरी खोट आहे. चार पाच वर्षांचा झाला की सासऱ्यांबरोबर सासवडला न्या, आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात न्या, आपल्या नावाचा माणूस कोण होता हे त्याला कळलं की वर्गात तो स्वतःच उत्तर देईल.

पत्रिकेतल्या 'र' ची काळजी करू नका. नावरस नाव पत्रिकेत वेगळं लिहितात आणि व्यवहारातलं नाव वेगळं असतं, हे आपल्याकडे कित्येक घरांत चालत आलंय. रस असेल तर सांगतो, अवकहडा चक्रात, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं अक्षर काढायच्या तक्त्यात, 'सो' हे पूर्वाभाद्रपदा नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं अक्षर, रास कुंभ. तुमच्या बाळाची रास ती नाही, तर भटजींना 'र' वरून एक नाव लिहायला सांगा आणि बारशाला आत्याने कानात सोपान सांगू दे.

फक्त एक विनंती आहे. सासऱ्यांचं मन राखायला म्हणून 'पाळण्यातलं नाव सोपान आणि कागदावर विहान' असं करू नका. ठेवायचं तर खरं ठेवा, सर्टिफिकेटवर, शाळेत, हाक मारताना. आणि आईला, बहिणीला बारशाआधी घरी बोलवून सासऱ्यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकू दे, माझ्या चार ओळींपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

प्रश्न: बाळाचा जन्मदाखला नावाशिवाय मिळालाय, घरात नाव ठरेना. नाव टाकायला किती मुदत असते?
एक वाचक, भांडुप

उत्तर: घाई नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला लागते, ती हॉस्पिटलकडून होते, तुमची झालेली दिसतेय. नाव मात्र नोंदणीपासून 12 महिन्यांत फुकट टाकता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत लेट फी भरून. जिथे जन्म झाला तिथलंच ऑफिस लागतं हे लक्षात ठेवा, बाळंतपण माहेरी ठाण्याला झालं असेल तर भांडुपच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालू नका, ठाणे महापालिकेतच जावं लागेल. पण उगाच वर्षभर लांबवूही नका, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेश, पासपोर्ट वगैरेसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरतात. शिवाय 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावं राज्यात शाळेच्या कागदपत्रांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव अशी लिहायची आहेत, तेव्हा चारही मिळून पूर्ण नाव कसं ऐकू येतं तेही एकदा मोठ्याने म्हणून बघा. आणि इंग्रजी स्पेलिंग फॉर्म भरायच्या आधी कागदावर लिहून घरात सगळ्यांचं एकमत करा, एक ए की दोन, नंतर आधार, बँक, पासपोर्ट सगळीकडे तेच ठेवा, एकदा दाखल्यावर चढलेलं नाव बदलायचं म्हटलं तर राजपत्रापर्यंत धावपळ होते.