मुलीला यूएक्स करायचंय; क्लासचे पैसे भरू का?

प्रश्न : बार्शीत आमचा छोटा छापखाना आहे. वडील शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, मी डीटीपी शिकलो, आता पत्रिकासुद्धा लोक व्हॉट्सॲपवरच धाडतात. मुलगी लातूरला बारावी विज्ञानला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला तिला ए ग्रेड होती, आणि घरी असली की दुकानातली प्रुफं तीच वाचते. उन्हाळ्यात तिनं ओळखीच्या एका शिकवणीची वेबसाइट करून दिली, तेव्हापासून ‘मला यूएक्स डिझाइनच करायचंय, इंजिनिअरिंग नको’ असं धरून बसलीय. यूएक्स म्हणजे ‘यूझर एक्सपिरिअन्स’, वेबसाइट-ॲप लोकांना नीट वापरता येईल असं करणं, असं ती सांगते. पुण्यातली एक संस्था बारावीनंतरच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे एक लाख ऐंशी हजार मागतेय. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. रविवारच्या आत नोंदणी केली तर तीस हजारांची सूट, त्यांच्या पानावर घड्याळ उलटं धावतंय. दुसरीकडे, एआय दोन मिनिटांत वेबसाइट करून देतं असंही ऐकतो. जुनं काम असं बुडताना आमच्या धंद्यात हे दोनदा बघितलंय. हे क्षेत्र टिकेल का? पैसे भरू का? – एक पालक, बार्शी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

पैसे भरू नका. रविवार जवळ आहे म्हणून हे आधी सांगून टाकतो, कारणं मागून येतील.

ते उलटं धावणारं घड्याळ सोमवारी पुन्हा बघा. नव्यानं सुरू झालेलं दिसलं, तर समजा की ही मंडळी जे शिकवतात त्याच विषयातला एक बदनाम प्रकार तुमच्यावर वापरतायत. खोटी घाई निर्माण करून माणसाला निर्णय घ्यायला लावणं याला या क्षेत्रात ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात असे १३ प्रकार दिलेत आणि यादीत पहिलाच आहे तो खोट्या घाईचा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’बद्दलही तेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणानं शिकवणीवाल्यांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी वेगळे नियम केले, त्यात नोकरीची खोटी हमी देण्याला मनाई आहे. गेल्या तुकडीतली किती मुलं कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर आणि किती पगारावर लागली, हे त्यांच्याकडून लेखी मागा. बहुतेक वेळा एवढ्यावरच फोन यायचे बंद होतात.

आता एआयचं. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, आणि तुमच्या मुलीपासून ते लपवण्यात अर्थ नाही. तिनं शिकवणीला करून दिली तशी चार पानांची वेबसाइट (माहिती, फोटो, नकाशा, संपर्काचा फॉर्म) करून पैसे मिळवायचे दिवस सरत आलेत. छोट्या धंद्यांना इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर भागतं. ज्यांना वेबसाइट हवीच असते त्यांना ती मजकूर सांगून तयार मिळते. मोठ्या वेबसाइटांचंही सुखात चाललेलं नाही. गूगलनं ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात शोधाच्या वरच एआयनं लिहिलेलं सारांशवजा उत्तर द्यायला सुरुवात केली. वाचकाला तिथंच उत्तर मिळालं की खालच्या दुव्यावर तो कशाला जाईल? जाहिरातींवर चालणाऱ्या बातम्यांच्या आणि माहितीच्या साइटांना याची झळ बसतेय.

तुम्ही ज्याचे पैसे भरणार होता त्या कोर्सचा अभ्यासक्रम पत्रासोबत धाडलात हे बरं केलंत. सहा महिन्यांपैकी जवळपास चार महिने फिग्मा. स्क्रीनची रचना काढायचं हे सॉफ्टवेअर चांगलंच आहे, आज बहुतेक कंपन्यांत तेच वापरतात. पण याच फिग्मानं २०२५ मध्ये ‘फिग्मा मेक’ आणलं : काय हवं ते लिहा, चालतं-फिरतं प्रारूप समोर. म्हणजे जे हातानं करायला शिकवण्याचे दीड लाख घेणार, ते काम खुद्द ते सॉफ्टवेअरच करायला लागलंय. शिवाय विद्यार्थ्यांना फिग्मा फुकट मिळतं, आणि पोरगी हुशार असेल तर दिवाळीच्या सुट्टीत स्वतः शिकेल.

तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या धंद्यात हे दोनदा बघितलंय.’ खिळे गेले तेव्हा ज्या कंपोझिटरांना फक्त खिळे जुळवता येत होते ते घरी बसले. ज्यांना शुद्धलेखन कळत होतं, गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय आहे ते ओळखता येत होतं, ते संगणकासमोर येऊन बसले. हे इथेही लागू आहे, पण पूर्ण नाही. पेजमेकर आलं तरी ते चालवायला माणूस लागत होता. या वेळी पहिला कच्चा खर्डा यंत्रच काढतं, आणि नवशिक्याला जे काम देऊन शिकवलं जायचं नेमकं तेच ते करतं. त्यामुळे अनुभवी माणसांपेक्षा नव्यानं येणाऱ्यांची अडचण जास्त आहे. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन दारात उभ्या राहणाऱ्यांची तर सर्वांत जास्त.

मग उरतं काय? एक खरी घटना सांगतो.

बँकेत खातं काढताना, सिम घेताना मोबाइलवर केवायसी करतात. जिवंत माणूसच समोर आहे हे पटावं म्हणून स्क्रीन सांगते, ‘डोळे मिचकावा.’ ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या त्या बाईनं काय करायचं? अशा पीडित व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसी सर्वांना करता येईल अशी बदलण्यासाठी २० निर्देश दिले. ती स्क्रीन ज्यांनी केली ते काही दुष्ट नव्हते. रंग नीट असतील, बटणं नीट असतील. फक्त असा माणूस समोर येईल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. आज एआयला ‘केवायसीची स्क्रीन कर’ म्हटलं तर तेही बहुधा ‘डोळे मिचकावा’च लिहील, कारण आजवरच्या सगळ्या स्क्रीन तशाच आहेत आणि त्यांवरच ते शिकलंय.

यूएक्सवाल्याचं काम हे आहे : कोण, कुठे, का अडतं ते शोधायचं आणि ते कंपनीच्या गळी उतरवायचं. स्क्रीन काढणं त्याच्या शेवटी येतं. अमेरिकी डिझाइन-अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी १९९३ मध्ये ॲपलमध्ये हे नाव स्वतःच्या हुद्द्यात वापरलं, तेव्हाही त्यांना यंत्राशी येणारा माणसाचा सगळा अनुभवच म्हणायचा होता. आपल्याकडे कोर्सवाल्यांनी त्याला यूआय, म्हणजे स्क्रीनचं रूप, चिकटवून ‘यूआय-यूएक्स’ असं जोडनाव करून टाकलं, आणि पोरांना वाटायला लागलं की रंगसंगती जमली की झालं.

अडलेल्या माणसाचा विचार करणं हे आता कायद्याच्या बाजूनंही मागितलं जातंय. युरोपचा सुलभतेचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. तिथल्या गिऱ्हाइकांसाठी काम करणाऱ्या आपल्या कंपन्यांनाही अंध, कर्णबधिर, हात थरथरणाऱ्या माणसाला वापरता येईल अशीच साइट द्यावी लागणार. त्यासाठीचे नियम ‘डब्ल्यूसीएजी’ या नावानं आहेत, सध्याची आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ ची. फुकट वाचायला मिळतात. रुक्ष आहेत, पण तिला वाचायला सांगा. मुलाखतीला येणाऱ्या पोरांपैकी फारच थोड्यांनी ते वाचलेले असतात.

आणि आता ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय ते. तुमची मुलगी प्रुफं वाचते, हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. माझ्या लेखी तिच्या ए ग्रेडपेक्षा ते मोठं आहे.

तुमच्या दुकानातल्या जुन्या संगणकात श्रीलिपीच्या फाँटमध्ये केलेल्या कितीतरी पत्रिका असतील. त्यातला मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो. त्या फाँटमध्ये दिसायला ‘क’ असला तरी संगणकाच्या लेखी तिथं भलतंच चिन्ह असतं. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, म्हणून आज मराठी मजकूर शोधता येतो, उचलून दुसरीकडे टाकता येतो, अंध माणसाच्या मोबाइलला मोठ्यानं वाचून दाखवता येतो. पण युनिकोड आलं म्हणून वेबवरची मराठी नीट झाली असं नाही. बटणाची उंची इंग्रजी मजकूर धरून ठरवलेली असते, मग रफार, वरची मात्रा आणि खालचा उकार कापले जातात. इंग्रजी मथळ्यात अक्षरं विरळ केली की छान दिसतं, तेच मराठीला लावलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. पानाच्या कोडमध्ये ‘भाषा : मराठी’ एवढी नोंद केली तर, फाँटमध्ये सोय असेल तिथं, ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात, नाही केली की हिंदी वळणाचे. ही एका ओळीची नोंद असंख्य मराठी साइटांवर नसते. यातलं काहीही वाईट दिसलं तर तुमच्या मुलीला ते लगेच खटकेल. डिझाइन शिकलेल्या पण घरी मराठी न वाचणाऱ्या मुलाला ते दिसणारसुद्धा नाही.

या वाटेनं आपली माणसं आधी गेलीत. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ फाँट ज्यांनी केला ते र. कृ. जोशी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवत असत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्ता’ फाँट आज फुकट उतरवता येतो. मात्र फक्त मराठीच्या जोरावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. मराठीपुरत्या कामाला पैसे कमी मिळतात. एकच सेवा सात-आठ भारतीय भाषांत द्यायची असते तेव्हा या नजरेला मोल येतं, आणि अशी कामं वाढतायत. त्यासाठी इंग्रजी उत्तम लागेल, तिथं सूट नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. ती बारावीला आहे तर यूसीड ही डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा देता येईल. ती आयआयटी मुंबई घेते. साधारण ऑक्टोबरात नोंदणी, जानेवारीत परीक्षा, आणि त्यावर मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा आयआयटींत आणि जबलपूरच्या ट्रिपल-आयटीडीएममध्ये चार वर्षांच्या बी.डेस.ला प्रवेश. एक भाग संगणकावर, एक भाग हातानं काढायचा. सलग दोनच वर्षं देता येते. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) परीक्षा वेगळी, तिचीही नोंदणी याच सुमाराला. जागा फार थोड्या आहेत, म्हणून यावरच सगळं टांगून ठेवू नका. मुंबईच्या जे.जे.त उपयोजित कला आहे. अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यापासून तिथल्या प्रवेशाची ताजी माहिती संस्थेकडूनच घ्या. खासगी डिझाइन कॉलेजांची फी वर्षाला काही लाखांत जाते, आणि कर्ज काढून तिथं जाण्याएवढं ते मोलाचं आहे असं मला सरसकट वाटत नाही.

यातलं काहीच जमलं नाही तर? तर तिनं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं, किंवा मानसशास्त्रात पदवी घ्यावी, आणि मग सीड द्यावी. एम.डेस.साठीची ही परीक्षा तीन वर्षांची कुठलीही पदवी असली तरी देता येते, वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते. एम.डेस.च्या वर्गात इंजिनिअर भरपूर असतात. म्हणून ‘इंजिनिअरिंग नको’ हे तिचं वाक्य आत्ता ऐकून घ्या, पण एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरायला लावा. कोड लिहिता येणारी डिझायनर कुणालाही हवी असते, आणि यंत्रानं काढलेल्या खर्ड्यात काय बिघडलंय ते तिला उकलूनही बघता येतं.

तिची आवड खरी आहे की एका उन्हाळ्यापुरती, हे पारखायला फारसे पैसे लागत नाहीत. बार्शीतले लोक नेहमी भरतात असा एखादा फॉर्म तिनं घ्यावा. शिष्यवृत्तीचा, एसटीच्या आरक्षणाचा, गॅसचा, काहीही. पाच वेगवेगळ्या माणसांना तो मोबाइलवर भरायला द्यावा आणि शेजारी गप्प बसून बघावं. मदत करायची नाही, हे सगळ्यांत अवघड. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांतच बहुतेक मोठ्या अडचणी कळून येतात. पाचांत आजी असावी, दुकानातला कामगार असावा, चष्मा विसरून आलेलं कुणी असावं. कोण कुठं थांबलं, काय पुटपुटलं, कुठलं बटण चुकून दाबलं, ते लिहून काढावं. त्यानंतरच दुरुस्त स्क्रीन काढावी, एआयकडून काढून घेतली तरी चालेल. मग तीच पाच माणसं पुन्हा. दोन-चार अशी कामं नीट लिहून ठेवली की तिचा पोर्टफोलिओ झाला. सोबतीला आयडीसीनंच उभं केलेलं ‘डी-सोर्स’ हे मोफत डिझाइन शिक्षणाचं भांडार आहे, ते चाळत राहावं.

या कामात तिला कंटाळा आला आणि रंग-फाँट निवडण्यातच मजा आली, तर तेही वाईट नाही. मग तिची वाट ग्राफिक डिझाइनची, जे.जे.च्या बाजूची आहे. तसं असेल तर चारएक महिन्यांत कळेल.

पाच जणांच्या नोंदी झाल्या की मला धाडायला सांगा. स्क्रीन नकोत, नुसत्या नोंदी, तिच्या अक्षरात असल्या तरी चालतील. यूसीडची नोंदणी मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका. मुलींना शुल्क निम्मं असतं, ते भरून ठेवा. बसायचं की नाही ते डिसेंबरात तिच्या बोर्डाच्या तयारीकडे बघून ठरवू.