गुडघे जमिनीला टेकले नाहीत तरी चालेल

अगं,

तुझा मेसेज वाचला, पण दोन ओळीत उरकण्यासारखं हे नाही म्हणून सविस्तर लिहिते. योगाच्या क्लासमध्ये बद्धकोनासन, म्हणजे पायाचे तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडून बसायचं ते आसन, आलं की तू मागच्या रांगेत सरकतेस, टीशर्ट खाली ओढत बसतेस, आणि शेजारणीचे गुडघे मॅटला टेकलेत नि आपले अजून हवेत म्हणून कानकोंडी होतेस.

आधी लाजेचं बोलू. "पाय जवळ घेऊन बस" हे ऐकतच आपण सगळ्या मोठ्या झालो, मग इतकी वर्षं गुडघे जुळवून बसलेल्या मुलीला अनोळखी लोकांसमोर मांड्या उघडून बसायला सांगितलं तर ती अवघडणारच, त्यात तुझं काही चुकत नाहीये. आणि हे सांगणाऱ्या घरांतल्याच आज्या काष्ट्याच्या नऊवारीत भातलावणी करायच्या, पाय फाकवून जात्यावर दळायच्या, उकिडवं बसून भांडी घासायच्या, तेव्हा कुणाला काही वावगं वाटायचं नाही. कामाला शरीर मोकळं चालतं, मग स्वतःसाठी का नाही?

आता गुडघे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसतो, तो खुब्याचा सांधा. ही खोबण कुणाची खोल असते कुणाची उथळ, कुणाची जरा पुढे वळलेली तर कुणाची बाजूला, मांडीच्या हाडाची मानही प्रत्येकीची वेगळी. स्नायू सरावाने सैल होतात, हाडाचा आकार बदलत नाही. म्हणजे शेजारणीचे गुडघे टेकतात यात तिच्या मेहनतीइतकाच तिच्या हाडांचाही वाटा असू शकतो, आणि तू जन्मभर केलंस तरी कदाचित तुझे टेकणार नाहीत, आणि त्याने काहीही बिघडत नाही.

काय जाणवतंय ते ओळखायला शीक. मांडीच्या आतल्या बाजूला ताण येतोय, श्वास चालू आहे, तर ठीक. जांघेत पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं टोचलं तर तिथेच थांब, जोर लावून ते सुटत नाही, उलट सांधा दुखावतो. गुडघे हाताने खाली दाबायचे नाहीत, कुणाला दाबूही द्यायचे नाहीत.

घरी असं कर: ब्लँकेटची जाड घडी करून तिच्या कडेवर बस, पाठ भिंतीला, दोन्ही गुडघ्यांखाली उशा. घडीमुळे कंबर मागे ढेपाळत नाही, आणि उशांमुळे मांड्यांना कळतं की आता आपल्याला धरून ठेवायची गरज नाही, मग त्या आपोआप सुटतात. पाळीच्या दिवसांत हेच लोडावर पाठ टेकून झोपून कर, सुप्त बद्धकोनासन. पुण्याच्या योगशिक्षिका गीता अय्यंगार (1944-2018) लहानपणी किडनीच्या आजारातून योगाकडे वळल्या आणि लोड, घोंगडी, पट्टे घेऊन बायकांच्या शरीराला जपून कसं शिकवायचं यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. आधार घेणं म्हणजे कमीपणा, हे डोक्यातून काढून टाक.

मालासनात, म्हणजे उकिडवं बसतो त्या आसनात, टाचा उचलल्या जात असतील तर खाली मॅटची गुंडाळी दे, बऱ्याचदा तिथे अडचण खुब्याची नसून घोट्याची असते.

खुब्यात भावना साठतात आणि आसनाने बाहेर पडतात असं क्लासमध्ये सांगतात, मी ते छातीठोकपणे सांगणार नाही. पण आडवं पडल्यावर ओटीपोट सैल सोडलं की काही जणींना रडू येतं हे बघितलंय, दिवसभर पोट आत ओढून वावरणाऱ्या बाईला ते सोडायला मिळतं हेच मला पुरेसं मोठं वाटतं. तुला आलं तर येऊ दे.

आणि हे स्पष्ट बोलायचं, शिक्षक कितीही मोठे असोत: "मला हात लावून पोझ दुरुस्त करू नका, तोंडी सांगा." क्लासचे फोटो कुणी काढत असेल तर "माझा नको" म्हणायचं. टाइट्स नको वाटत असतील तर सलवार घाल, आसनाला काही फरक पडत नाही. मला विचारशील तर आरशात बघून कॉन्फिडन्स येण्याची वाट बघू नकोस, तो असं एकदा ठामपणे बोललं की यायला लागतो.

कपोतासनात (क्लासमधली पिजन पोझ, एक पाय पुढे दुमडून दुसरा मागे सोडायचा ती) गुडघ्याच्या आतून कळ येते म्हणालीस, ते आसन सध्या बंद. त्याऐवजी पाठीवर झोप, एका पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेव आणि खालची मांडी हळूहळू छातीकडे घे. तरी दुखलं तर ऑर्थोला दाखव, आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझी मावशी