तुकड्यांत मांडलेली ‘मा जोली’

प्रश्न : पिकासोच्या ‘मा जोली’ या घनवादी (म्हणजे वस्तू तुकड्यांत मोडून मांडणाऱ्या) चित्राची छापील प्रत नुकतीच पाहिली. त्यात वाद्य वाजवणारी स्त्री आहे म्हणतात. मला मात्र मातकट तुकडेच दिसले. नेमके काय पाहावे, आणि रंगांचा एवढा दुष्काळ का? — एक वाचक, सांगली

उत्तर : स्त्री शोधण्याची घाई न करता आधी आकारांची दाटी कुठे आहे ते पाहावे. १९११-१२ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये रंगवलेले, सुमारे एक मीटर उंचीचे हे तैलचित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याच्या मध्यभागी तुकड्यांचा उभा डोलारा आहे आणि कडांकडे जावे तसे तुकडे विरळ होत जातात. देहाची ठेवण एवढीच शिल्लक ठेवलेली आहे. मध्याजवळच्या उभ्या समांतर रेषा म्हणजे वाद्याच्या तारा. ते वाद्य गिटार की झिदर हे दुसरे तंतुवाद्य, यावर मतभेद आहेत. त्याने चित्राचे काही बिघडत नाही.

आता कोणताही एक तुकडा निवडून त्याच्या कडा तपासाव्यात. त्याची एक कड गडद रेषेने बांधलेली असते, तर दुसरी उघडी राहून शेजारच्या तुकड्यात विरून जाते, त्यामुळे तो पुढे आहे की मागे याचा निवाडा होत नाही. उजेडही एका दिशेने येत नाही. रंग आवरता घेण्याचे कारण मला इथेच दिसते : भडक तांबडा किंवा गर्द निळा ठेवला असता, तर डोळा तिथेच खिळला असता आणि कडांचा हा खेळ लपला असता. म्हणून तपकिरी, पिवळी माती आणि करडा एवढ्यांतच सारे भागवले आहे. कुंचल्याचे आखूड फटकारे एकमेकांशेजारी बसवल्याने मूळ कॅन्व्हासवर हे रंग थरथरतात. छपाईत तेच नेमके मातकट होतात.

तळाशी ‘मा जोली’, म्हणजे ‘माझी सुंदरी’, ही अक्षरे आहेत. ते शब्द त्या काळच्या एका लोकप्रिय गाण्याच्या ध्रुवपदातले, शिवाय पिकासोच्या प्रेयसीचे, एव्हा गुएलचे, लाडके नाव. ही सपाट अक्षरे कॅन्व्हासच्या पृष्ठभागाची जाणीव करून देतात आणि उरलेले सारे त्यांच्यामागे तरंगू लागते. चित्रातला सर्वांत धीट भाग मला हाच वाटतो.

व्यक्ती ओळखू येण्याचाच आग्रह असेल, तर हुआन ग्रिस या दुसऱ्या घनवादी चित्रकाराने १९१२ मध्ये केलेले पिकासोचे व्यक्तिचित्र आधी पाहावे. तिथे निळसर करड्या तुकड्यांतही चेहरा आणि हातातली पॅलेट (रंग कालवण्याची पाटी) सहज सापडते.